वाचणारीचे चार वार

काकूंचा हिशेब सरळ होता. चौदा खंड, प्रत्येकी आठशे पानं, दिवसाला पंधरा पानं, आठवड्याचे सहा दिवस. दोन वर्षं पाच महिने झाले. आणि काकूंना साठ पूर्ण होऊन कारखान्यातून मोकळं व्हायला राहिली होती दोन वर्षं सहा महिने. म्हणजे एक महिना कमी; तो आजारपण, पाहुणेरावळे आणि वाचताना होणारी भांडणं यांच्या नावावर टाकता येत होता. इतका चोख हिशेब बसणारं पुस्तक मुळात कसं आहे, हा प्रश्न काकूंनी स्वतःला विचारला नव्हता असं नाही. विचारला होता. उत्तर यायच्या आत त्यांनी विषय बदलला.

कारखाना पडद्यांचा. घरच्या खिडक्यांचे नव्हेत. नाट्यगृहांचे, सभागृहांचे, असले दोन माणसांनी उचलायचे पडदे. मखमल सगळी. मखमलीच्या काठावर मशीन फिरवलं की टीप उमटते आणि दबलेली लव पुन्हा उभी राहत नाही. म्हणून उभ्या शिवणी सकाळी मशीनवर आणि खालचा काठ दुपारी हातानं, दोन ते चार. सकाळी पाच मशीनं चालू असताना शेजारणीनं शिंकलेलंही कळत नसे. दुपारी मात्र मखमलीतून दोरा ओढल्याचा आवाज ऐकू येई, आणि अशा शांततेत पाच बायकांनी गप्प बसणं निसर्गाच्या नियमात बसत नव्हतं. त्यातून वाचन सुरू झालं.

त्याचा नियम असा. प्रत्येकीच्या वाट्याला दिवसाला चार वार काठ. पाचजणींपैकी एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि तिचे चार वार बाकीच्या चौघींनी एकेक करून वाटून घ्यायचे. चाराचे पाच व्हायचे खरे, पण कानाला काम असलं की हाताला कष्ट कळत नाहीत, असं बाईंचं म्हणणं.

बाई म्हणजे कापणीच्या बाई. सकाळी कापणी, दुपारी सगळ्यांबरोबर सुई. वयानं काकूंच्या बरोबरीच्या, पण पाठीनं, बोलण्यानं आणि स्वभावानं फूटपट्टी. कारखान्यातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांच्याखालोखाल दोघी नणंद-भावजय, एकाच घरातल्या आणि एकाच बाकावरच्या. एक दुसरीला वहिनी म्हणायची, दुसरी पहिलीला वन्सं, आणि ऐकून ऐकून सगळा कारखानाच तसं म्हणायला लागला. वन्संचा टाका आवळ, वहिनीचा सैल. या विषयावर दोघींची पंचवीस वर्षं सुखात गेली होती. शेवटची धाकटी. तिला लागून चार वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कुणी लागलं नाही म्हणून ती धाकटीच राहिली.

आणि वाचणाऱ्या काकू. त्यांना साठ होईपर्यंत वाचतच राहायचं होतं ते काही वाङ्मयप्रेमातून नव्हे. दीड वर्षापासून त्यांच्या उजव्या अंगठ्याचं आणि शेजारच्या बोटाचं आपसांत पटत नव्हतं. मशीनवर निभावत असे. तिथे कापड तळहातानं सारायचं. सुईचं काम म्हणजे चिमटीचं काम, आणि चिमूटच धरत नव्हती. पान उलटायला चिमूट लागत नाही, ओला अंगठा पुरतो. तेव्हा पुस्तक चालू आहे तोवर काकू चालू, आणि हे कुणाला ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत.

अशात एका गुरुवारी नऊ खंडांची मालिका संपली. डोंगरांची भाषा कळणारी नावाड्याची मुलगी, तिला वश न होणारा राक्षस, तीन राज्यं, दोन दुष्काळ. सव्वा वर्ष चाललं होतं. शेवटचं पान मिटलं तेव्हा पाचजणी अशा बसून राहिल्या, जसं काही घरातलं लग्न उरकून मांडव काढायला माणसं आली आहेत.

पहिल्यांदा वन्सं बोलल्या. "नऊ खंड ऐकून काय मिळालं? शेवटी राज्य राजालाच. त्यापेक्षा रेडिओ आणला असता तर चार गाणी तरी झाली असती."

"मग शेवटच्या पानाला नाक कोण पुसत होतं, वन्सं?" वहिनीनं विचारलं.

"लव गेली नाकात."

"दोन्ही डोळ्यांतून?"

धाकटी म्हणाली, "काकू, आता छोटंसं आणा ना. एका खंडात संपणारं. माझ्या नावं लक्षात राहत नाहीत. एकेका माणसाला तीन-तीन नावं, आणि घोड्यालासुद्धा आडनाव!"

काकूंनी लगेच हिशेब मांडला. एका खंडात संपणारं म्हणजे सव्वा महिना.

बाईंनी सुई टाचण्यांच्या गादीत खोचली. "नवं आण. महिनाभर बघू. रमलं तर रमलं, नाही तर रेडिओ. आणि रेडिओ आला की पाचहीजणींनी सुई धरायची. मग कुणाला सूट नाही."

पुस्तक मिळेपर्यंतचे दोन दिवस, शुक्रवार आणि शनिवार, काकूंना सुई धरावी लागली. त्यांनी अंगठ्याऐवजी दोन बोटांच्या बेचक्यात सुई धरून पाहिली, तोंड भिंतीकडे करून बसून पाहिलं. शुक्रवारचा काठ जेमतेम पुरा झाला तो असा, की एखाद्या बेवड्यानं रस्ता ओलांडावा. शनिवारी तर त्यांनी दोन तासांत अडीच वारच घातले आणि डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. घरी जाताना त्या वाट वाकडी करून वाचनालयात शिरल्या.

वाचनालयाचे ग्रंथपाल वाचलेल्या पुस्तकांवरून माणसं ओळखत. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत.

"नऊ खंडवाल्या ना तुम्ही? काय देऊ?"

"तसलंच. राजा-राक्षसांचं. मोठं हवं."

"मोठं म्हणजे आवाका मोठा, का आकार?"

"आकार."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि तरीही आपल्या आवडीची चार पुस्तकं टेबलावर मांडली. "ही न्या. चारच खंड. मीठ काढणाऱ्या तीन बहिणी, आणि समुद्र त्यांच्याकडे दर पिढीला एक मुलगी मागतो. मी दोनदा वाचली. दोन्ही वेळा बायकोला सांगितलं, डोळ्यांत धूळ गेली."

"पानं किती?"

"चारही मिळून दोन हजार असतील."

काकूंनी मनात भागाकार केला. पाच महिने. "याहून मोठं?"

"ही सात खंडांची. मात्र आठवा यायचाय. लेखक अकरा वर्षं लिहितोच आहे म्हणतो."

"अर्धवट नको. अर्धवट सोडणारी माणसं घरात पुष्कळ आहेत. ते खाली काय आहे, हिरवं?"

सगळ्यात खालच्या फळीवर शेवाळी पाठीचे चौदा जाड खंड बसले होते. फळी मधोमध वाकली होती. ग्रंथपालांचा चेहरा पडला. "ती नका नेऊ." त्यांनी पहिल्या खंडाचं मागचं पान उघडून तारखांची चिठ्ठी दाखवली. एकतीस शिक्के. दुसऱ्या खंडाच्या चिठ्ठीवर अकरा. तिसऱ्याच्या दोन. चौथ्यापासून चिठ्ठ्या कोऱ्या करकरीत.

"तिसऱ्याचे दोघे कोण?"

"एक मी."

"आणि दुसरा?"

"तोही मीच. पहिल्या वेळी झोप लागली होती."

काकूंना चिठ्ठी वाचता येत होती. आयुष्यभर मालाच्या पाठीवरून मालाची प्रत ओळखलेली बाई ती. एकतीस माणसांनी सांगितलेलं सत्य त्यांच्या हातात होतं. त्यांनी पहिला खंड उचलून पिशवीत टाकला.

"काकू, वाचायला नेताय का उशाला?" ग्रंथपालांनी विचारलं.

"मापात बसतंय म्हणून नेतेय," काकू म्हणाल्या. इतकं खरं त्या आठवडाभरात कुणाशी बोलल्या नव्हत्या.

पुस्तक रटाळ निघालं म्हणणं म्हणजे रटाळपणाचा अपमान होता. पहिली साठ पानं वंशावळ. मग दोन राजे एका नदीवरच्या जकातीवरून भांडले. भांडण तलवारीनं झालं असतं तर गोष्ट वेगळी, पण ते पत्रांनी झालं आणि पत्रं पूर्ण दिलेली होती. चौथ्या दिवशी वहिनीच्या जांभईनं धाकटीला जांभई आली, धाकटीची बाईंना. पाचव्या दिवशी वन्संनी घरचा जुना रेडिओ दुरुस्तीला टाकल्याची बातमी दिली. सहाव्या दिवशी बाईंनी नुसतं भिंतीवरच्या तारखांकडे पाहिलं.

सातव्या दिवशी काकू वाचत होत्या. "सेनेनं नदीकाठी तळ दिला. तळात बाराशे राहुट्या होत्या." पुढे बाराशे राहुट्यांची रांगांनुसार मांडणी दिली होती. समोर चार माना मखमलीवर कलंडत चाललेल्या. काकूंची नजर ओळीवरच होती, पण तोंडून निघालं ते ओळीत नव्हतं.

"या राहुट्या शिवायला एक बाई होती."

वन्संची मान वर आली.

"नाव तिचं कुणी विचारलं नव्हतं. तिला सगळे राहुटीवाली म्हणत. राजपुत्राची राहुटी फाटल्याचा ओरडा झाला तेव्हा तिला बोलावणं आलं. मारेकरी येऊन गेले होते म्हणे. राहुटी चिरून आत शिरले, राजपुत्र थोडक्यात वाचला. सेनापती म्हणाला, बाई, शीव. ती गुडघ्यावर बसली. चीर हाताखालून घेतली. आणि तिचा हात थांबला."

"का?" धाकटीनं विचारलं.

काकूंनी सावकाश अंगठा ओला केला, पान उलटलं. त्या पानावर बाणांची मोजदाद होती. "कारण चिरेचे धागे," त्या वाचू लागल्या, "बाहेरच्या बाजूला पडले होते."

 वहिनी जवळजवळ ओरडली, "म्हणजे आतून फाडली! बाहेरून सुरी आली असती तर धागे आत गेले असते!"

"राजपुत्रानं स्वतःच!" वन्सं म्हणाल्या. "मेला दिसतोच तसला. आणि तिला कळलं, आणि त्याला माहीत नाही की तिला कळलंय. अगं बाई! पुढे?"

बाई म्हणाल्या, "हा लेखक शिवणकाम जाणतो." बाईंच्या तोंडून याहून मोठी पदवी कुणाला मिळालेली नव्हती.

त्या दिवसापासून काकूंचा वेळ कमी आणि काम दुप्पट झालं. दिवसाची पंधरा पानं. त्यातली दहा लेखकाची, पाच काकूंची. लेखकाची दहा त्या घाईनं उरकत, आपल्या पाचांत रेंगाळत. राहुटीवालीला फाटलेल्या कापडावरून माणसं कळत. कोण झोपेत लाथा झाडतो, कोण राहुटीच्या कापडाला डोळे पुसतो, कुणाच्या राहुटीच्या एकाच कोपऱ्यात पाच मेणबत्त्यांचे डाग पडलेत, म्हणजे रात्री तिथे पाचजण बसतात. हे सगळं काकूंना बसमध्ये जुळवावं लागे. दोनदा त्या थांबा चुकल्या. एकदा कंडक्टरनं तिकीट विचारलं तर म्हणाल्या, "थांब रे, आधी सेनापतीचं बघू दे."

महिना भरला. बाईंनी निकाल द्यायची तसदीही घेतली नाही. दोन वाजता मशीनं थांबली की त्या म्हणत, "हं," आणि चौघी सुया ओवत. वन्संचा रेडिओ दुरुस्त होऊन घरीच राहिला. पाच हजार पत्रं असोत की सात हजार बाण, काकूंना साठीपर्यंतचा रस्ता आता स्वच्छ दिसत होता.

मग त्यांना ताप आला.

खंड दोन किलोचा. रोज कोण ने-आण करणार म्हणून तो कारखान्यातच फळीवर असे. पहिल्या दिवशी दुपारी दोनला काकू अंथरुणात ताडकन उठून बसल्या. आपण नाही म्हणून त्या गप्प थोड्याच बसणार. धाकटी वाचेल, आणि पुस्तकात जे आहे तेच वाचेल, दुसरं काय वाचणार! त्या कपडे करून निघाल्या, तर सुनेनं चप्पल लपवली. "आई, एकशे दोन ताप आहे. कुठला मेला राजपुत्र पळून चाललाय?" काकूंना सांगता येईना, की पळून गेलेलाच बरा.

चौथ्या दिवशी त्या कामावर गेल्या. सकाळभर मशीनांमुळे कुणाला बोलता आलं नाही, आणि काकूंच्या आयुष्यात इतकी लांब सकाळ झाली नव्हती. दोनला मशीनं थांबली. खंड टेबलावर ठेवलेला होता. सुया कुणी उचलल्या नाहीत.

"बस," बाई म्हणाल्या.

काकू बसल्या.

वन्संना धीर नव्हता. "कुठे आहे ती?"

"कोण?"

"कोण म्हणे! राहुटीवाली! तीन दिवस तिची वाट बघतोय आम्ही. धाकटीनं साठ पानं वाचली. सगळी जकात! बाईचा पत्ता नाही."

"मला वाटलं हिला नीट वाचता येत नाही," वहिनी म्हणाली. "म्हटलं, पुन्हा वाच. जकात दोनदा ऐकली मी, काकू. दोनदा!"

धाकटीनं मान खाली घातली होती. "मी खंड घरी नेला. पहिल्या पानापासून चाळला. ती कुठेच नाहीये, काकू. सुईसुद्धा नाही. आख्ख्या पुस्तकात कुणी काही शिवतच नाही."

"बाराशे राहुट्या आणि शिवणारं कुणी नाही!" वन्संचा संताप काकूंकडून लेखकाकडे वळला आणि लगेच परत आला. "मग ती आली कुठून?"

"पुस्तक रटाळ होतं," काकू म्हणाल्या.

"तर मग आणलंत कशाला?"

"चौदा खंड होते."

"चौदा खंड काय लोणचं घालायला?"

आता खोटं सुचेना. दोन महिने त्यांना रोज पाच पानं खोटं सुचत होतं, आणि नेमकं आज एक वाक्य सुचेना. त्यांनी उजवा हात टेबलावरच्या मखमलीवर ठेवला. अंगठ्याचं मूळ सुजून गाठीसारखं झालेलं. "साठ होईपर्यंत पुरले असते," त्या म्हणाल्या. "चिमूट धरत नाही माझी. दीड वर्ष झालं. वाचन थांबलं की मला घरी बसावं लागेल. मला इतक्यात घरी बसायचं नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले, आता 'अगं बाई' होईल म्हणून. झालं नाही.  काकूंनी डोळे उघडले.

"ते ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "नऊ खंड संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तुझा काठ मी बघितला. तुम्ही सगळ्या गेल्यावर उसवला आणि पुन्हा घातला. तुझी निळी गाठ तेवढी ठेवली कोपऱ्यात."

काठ कुणाचा ते कळावं म्हणून प्रत्येकीची आपल्या रंगाच्या दोऱ्याची गाठ कोपऱ्यात असे, काकूंची निळी.

"शुक्रवारी?" वन्संनी विचारलं. आवाज बदललेला होता. "शुक्रवारी संध्याकाळी?"

"हो."

"पण शनिवारी सकाळी लवकर येऊन निळ्या गाठीचा काठ मी उसवला. आणि मी घातला."

 बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तू माझा काठ उसवलास."

"मला वाटलं काकूंचा!"

"इतका वाईट होता?"

"वाईट म्हणजे…" वन्सं इकडेतिकडे बघू लागल्या. "जरा उतरता होता. बाई, तुमचा चष्मा किती वर्षांचा आहे?"

वहिनीनं तोंडावर पदर दाबला, पण हसू खांद्यातून निसटत होतं.

"तुला काय झालं गं दात काढायला?"

"वन्सं, रागवायचं नाही. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत… निळी गाठ बघून…"

"माझा?" वन्सं उभ्या राहिल्या. "माझा काठ उसवलास तू?"

"कापड चुणलं होतं हो नुसतं! इतकं आवळलेलं! मला वाटलं, काकूंचा हात आखडला असेल."

"पंचवीस वर्षं बघतेयस माझा टाका, आणि दुखऱ्या हाताचा वाटला तुला?"

"पंचवीस वर्षं तेच सांगतेय मी, वन्सं."

यावर काय झालं असतं सांगता येत नाही, पण तेवढ्यात धाकटीनं घसा साफ केला. तिचा चेहरा लाल झाला होता. सगळ्या तिच्याकडे वळल्या.

"सोमवारी," धाकटी म्हणाली, "माल जायच्या आधी. मी फक्त बघायला गेले होते. पण फार सैल होता. लोंबत होता."

आता ऐकून घ्यायची पाळी वहिनीची होती. वन्संच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की राज्य राजाला परत मिळाल्यावरही तितकं कुणाला झालं नसेल.

काकू हसत होत्या की रडत होत्या, हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं. एक काठ, पाच बायका, चार वारांवर वीस वार तुरपाई. आणि प्रत्येकीनं उसवताना निळी गाठ तेवढी जपली होती. तो पडदा कुठल्याशा सभागृहात लोंबत असेल आणि त्याच्या काठाला चाळणीइतकी भोकं असतील. "मग मला कुणी बोललं का नाही?" त्यांनी विचारलं.

"तू वाचत होतीस," बाई म्हणाल्या. "मधे बोलायला जागा कुठे ठेवलीस? आणि तुलाच लपवायचं होतं. म्हटलं, लपवू दे."

"आता काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? हा दगड परत कर. बरंसं पुस्तक आण. चार खंडांचं आण, एका खंडाचं आण, ते संपलं की दुसरं आण. पुस्तक संपलं म्हणून खुर्ची संपते असं कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच म्हणालात, रेडिओ आला की सूट नाही."

"ते मी पुस्तकाला म्हटलं होतं, तुला नव्हे," बाई म्हणाल्या, आणि चष्मा घालून सुई ओवायला लागल्या. तीन वेळा दोरा हुकला. धाकटीनं न बोलता ओवून दिली.

"एक मिनिट," वन्सं म्हणाल्या. "परत करायच्या आधी एवढं सांगा. राजपुत्रानं आतून फाडली, हे तिनं सेनापतीला सांगितलं का नाही? नाही तर मला झोप यायची नाही."

काकूंनी पान उलटायला अंगठा ओला केला, पण मांडीवर पुस्तक नव्हतं. पुस्तकाशिवाय त्यांनी आजवर काही सांगितलं नव्हतं. हात रिकामा असला की जीभही रिकामी. धाकटीला ते आधी उमगलं. तिनं तो दोन किलोचा खंड काकूंच्या मांडीवर ठेवला.

"कुठलं पान काढू?"

"कुठलंही."

पान उघडलं. जकातीचं होतं. काकूंनी ओळीवर बोट ठेवलं. "राहुटीवाली चीर शिवत बसली," त्यांनी सुरुवात केली, आणि चार सुया एकदम मखमलीत शिरल्या.

ग्रंथपालांनी खंड परत घेतला तो, हरवलेली गाय परत आल्यासारखा नव्हे, तर विकलेली गाय परत आल्यासारखा. "मीठवाल्या बहिणी द्या," काकू म्हणाल्या.

"पानं मोजायची नाहीत?"

"नाही."

"मग रुमाल न्या बरोबर."

पाच महिन्यांचं पुस्तक सात महिने चाललं, कारण मधल्या बहिणीनं समुद्राला दिलेला शब्द मोडावा की नाही यावर वन्सं आणि वहिनी तीन आठवडे एकमेकींशी बोलल्या नाहीत, फक्त पुस्तकाबद्दल बोलल्या. त्यानंतर काकूंनी दुसरं आणलं, मग तिसरं, एकदा एकाच खंडाचं, खास धाकटीसाठी. त्यात घोड्याला नावच नव्हतं. शनिवारची दुपार राहुटीवालीची ठरली. कुठलंही पुस्तक मांडीवर घेऊन काकू ती सांगत, आणि बसमध्ये थांबा चुकत.

साठ पूर्ण झाल्यावर काकू मोकळ्या झाल्या तेव्हाचा जमाखर्च असा. त्या शनिवारनंतर काकूंनी हातानं एकही टाका घातला नाही. त्यांच्या वाट्याचे जवळपास तीन हजार वार दुसऱ्यांच्या बोटांतून गेले. बाईंनी आपला वाटा नवा चष्मा करून भरला. वहिनीनं भरला, सैल, पण भरला. धाकटी दुसऱ्या वर्षी बाईंच्या हाताखाली पूर्ण दिवस कापणीला गेली आणि दुपारची सुई तिला सुटली, म्हणजे तिच्याकडचा काकूंचा वार मोकळा पडला. नियमानं तो तिघींत वाटायचा. वन्सं म्हणाल्या, "वहिनीच्या हाताला जादा मखमल देणं म्हणजे पाप आहे, आणि बाईंचं वय झालं," आणि सगळाच आपल्याकडे ओढला. तेव्हापासून त्यांचे दिवसाला सहा वार होते, आणि वर कुरकुर. वारांची नोंद धाकटी ठेवत असे. कुरकुरीचं माप कुणी घेतलं नाही.